सर्फ म्युझिकसाठी जुनी जॅझमास्टर गिटार घेतली, पण जोरात वाजवली की तार उडते. जाणकारांनी मदत करा

खारावारा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, संगीत विभागात नाट्यगीतं आणि आरडी सोडून तिसरं कोणी काही लिहीत नाही म्हणून जरा बिचकतच धागा काढतोय.

मी सध्या कोस्टा मेसाला राहतो, दक्षिण कॅलिफोर्निया. घरापासून गाडीने वीस मिनिटांवर बाल्बोआचा किनारा आहे, जिथे १९६१ च्या उन्हाळ्यात रॉन्देवू बॉलरूम नावाच्या हॉलमध्ये डिक डेल नावाचा गिटारवाला वाजवायचा आणि पोरं-पोरी हजारांनी नाचायला यायच्या. सर्फ म्युझिक, म्हणजे या किनाऱ्यावरचं इलेक्ट्रिक गिटारीचं धावतं नाचाचं संगीत, तिथून सुरू झालं असं धरतात. ते बॉलरूम १९६६ मध्ये जळालं. इकडे आल्यावर एकदा सहज तिथे फिरायला गेलो, घरी येऊन जुनी रेकॉर्डिंग ऐकली आणि मग वेडच लागलं. कॉलेजात पुण्यात असताना चार कॉर्डवर अख्खं गॅदरिंग मारून नेलेलं, तेवढ्या भांडवलावर वयाच्या ४३ व्या वर्षी इलेक्ट्रिक गिटार घ्यायची ठरवली. बायको म्हणाली सर्फिंग शीक त्यापेक्षा, पोट तरी कमी होईल.

तर सहा महिने जाहिराती चाळत होतो. गेल्या शनिवारी एक मिळाली. फेंडर कंपनीची जॅझमास्टर, जपानी रीइश्यू (जुन्या मॉडेलची नव्याने काढलेली आवृत्ती), नव्वदच्या दशकातली, सनबर्स्ट रंगाची. ७५० डॉलर सांगितले होते. विकणारे एक आजोबा, नातू शिकायला दुसऱ्या गावी गेला आणि गिटार गॅरेजमध्ये पडली होती. ॲम्पला लावली तर आवाजच नाही. मग कुठलातरी गोल दाता फिरवल्यावर आला, पण असा की गिटारीच्या तोंडावर कोणी उशी दाबून धरलीये. आजोबा म्हणाले आतली वायरिंग गेली असणार, ५२० द्या आणि न्या. ट्रेमोलोची, म्हणजे सूर डोलवायची, दांडी पण हरवलेली. मी घेतली.

आता अडचणी. एक, तो उशीवाला आवाज. दोन, आणि ही जास्त त्रासाची, सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार, जोरात डबल पिकिंग (नखी भराभर खाली-वर मारणं) केलं की ब्रिजवरच्या (घोडीवरच्या) खाचेतून उडून शेजारच्या खाचेत जाऊन बसते. दर दोन मिनिटांनी. तीन, मधल्या पट्टीत कुठूनतरी खुळखुळ्यासारखा आवाज येतो. तारा १० नंबरच्या आहेत, म्हणजे सगळ्यात बारीक तार ०.०१० इंच जाड. दुरुस्तीवाल्याकडे न्यायची का स्वतः करू? आणि खरं सांगा, फसलो का?

---

पडघम

फसला नाहीत, लॉटरी लागलीये. आधी आवाजाचं बघा. गिटार मांडीवर घेतली की वरच्या शिंगाकडे, तुमच्या हनुवटीच्या बाजूला, एक सरकणारं छोटं बटण आणि त्याच्या शेजारी दोन दातेरी चाकं दिसतील. ते बटण वर आहे की खाली?

---

खारावारा

वर.

---

पडघम

खाली करा.

---

खारावारा

अरे देवा.

अरे देवा!! लख्ख आवाज. काच फुटल्यासारखा. बायको आतून बघायला आली काय झालं म्हणून.

---

नळीचीवळी

हसून हसून पुरेवाट. ५२० डॉलरची गिटार आणि दुरुस्ती एका बोटाने.

---

पडघम

नवीन माणसाची ९०% वेळा हीच गंमत होते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. ही गिटार १९५८ मध्ये काढली तेव्हा फेंडरला ती जॅझवाल्यांना विकायची होती, नावच बघा ना. बँडमध्ये मागे बसून कॉर्ड धरताना मऊ गोल आवाज हवा आणि सोलोला उठलं की लख्ख, म्हणून आत दोन वेगळी सर्किटं. बटण वर केलं की फक्त नेककडचा (गिटारीच्या मानेकडचा) पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारं चुंबक, चालतो आणि खालचे व्हॉल्यूम, टोन आणि पिकअपचा स्विच सगळे बाद. मग कंट्रोल त्या दोन चाकांवर. त्यातलं व्हॉल्यूमचं चाक शून्यावर असेल तर गिटार मेलीच वाटते. जॅझवाल्यांनी काही ती फारशी घेतली नाही. घेतली किनाऱ्यावरच्या पोरांनी, आणि ते बटण त्यांच्या काय कामाचं होतं देव जाणे. मी तर माझ्यावर पारदर्शक टेप मारून ठेवलीये, हात लागून वर जातं.

---

सोनचाफा

जरा बाजूचा प्रश्न. आजोबांना सांगितलंत का मग?

---

नळीचीवळी

झालं. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

---

खारावारा

सोनचाफाताई, तुमचा प्रतिसाद वाचायच्या आधीपासून तेच डोक्यात घोळतंय. विकत घेताना मला काही माहीत नव्हतं हे खरं. पण आता माहीत झालंय. मेसेज टाकलाय त्यांना, नीट सगळं लिहून, की गिटार धड आहे आणि वरचे काही पैसे हवे असतील तर बोलू. बघू काय म्हणतात.

---

कोथरूडी_काकडा

वापरलेल्या वस्तूत बघून घेणं ही घेणाऱ्याची जबाबदारी, तसंच बघून देणं ही देणाऱ्याची. पण सांगितलंत हे बरं केलंत, रात्री झोप लागते.

माझाही प्रश्न याच धाग्यात विचारतो, वेगळा धागा काढला की कोणी फिरकत नाही. मला पण हेच वाजवायचंय पण पुण्यात जॅझमास्टर कुठून आणू. माझ्याकडे जुनी स्क्वायर स्ट्रॅट आहे (फेंडरच्याच स्ट्रॅट गिटारीची स्वस्तातली आवृत्ती). चालेल का?

---

पडघम

चालेल का काय विचारता, ज्याला सगळे सर्फचा राजा म्हणतात तो डिक डेल आयुष्यभर स्ट्रॅटच वाजवत आला. आणि ती पण उलटी. डावखुरा माणूस, सुरुवातीला उजव्या हाताची गिटार उलटी धरून वाजवली, जाड तारा खाली बारीक वर. पुढे डावी गिटार मिळाली तरी तारांचा क्रम तोच ठेवला. आणि तारा केवढ्या, तर १६ पासून ६० पर्यंत! आपण १० लावतो आणि बोटं दुखतात म्हणतो.

तुमच्या स्ट्रॅटला ११ चा संच लावा. ओढ वाढली की ब्रिज पुढे उचलला जाईल, घाबरायचं नाही, मागचं प्लास्टिकचं झाकण काढून स्प्रिंगांचा पंजा ज्या दोन स्क्रूंनी धरलाय ते थोडे थोडे आवळा, दोन्ही सारखे, मग परत सुरात लावा, परत बघा. दोनतीन फेऱ्यांत बसतं. ब्रिजकडचा पिकअप, टोन पूर्ण उघडा, ॲम्पचा आवाज स्वच्छ. झालं.

---

तारमास्तर

मी गिटारवाला नाही, सतारवाला, मिरजेचा. मुलगा गिटार वाजवतो म्हणून धागा उघडला. ती तार उडते त्याबद्दल. आमच्यात घोडीवरून तार किती कोनात खाली उतरते त्यावर तिचा दाब ठरतो. तुम्ही धाग्यात टाकलेल्या तिसऱ्या फोटोत घोडीच्या मागे तार जवळजवळ सपाटच गेलेली दिसते आणि बांधलीये पार लांब. दाबच नाही तर तार बसेल कशी खाचेत? नखी जोरात लागली की उडणारच ती.

---

पडघम

मास्तर, एका फोटोवरून अचूक सांगितलंत. दंडवत.

हाच या गिटारीचा मूळ आजार, किंवा आजार नाहीच, गैरसमज. १९५८ साली लोक १२ च्या जाड तारा लावायचे, सपाट वेढ्याच्या, आणि तिसरी तारसुद्धा वेढ्याची. गिटार त्या हिशोबाने काढली होती. साडेपंचवीस इंच लांबीच्या गिटारीवर १० ची पहिली तार सुरात आणली की १६ पौंडाच्या आसपास ताण, १२ ची असेल तर २३. एका तारेमागे सात पौंडाचा फरक आणि अशा सहा तारा. पुढे सगळ्यांनी बारीक तारा लावायला सुरुवात केली आणि वर शिव्या दिल्या की ब्रिज भिकार आहे. ब्रिज बदलायला हजारो रुपये घालण्याआधी दोन गोष्टी करा. ११ किंवा १२ च्या तारा लावा आणि नेकखाली शिम घाला.

---

खारावारा

शिम म्हणजे?

---

तारमास्तर

पाचर.

---

पडघम

+१, पाचर. चार स्क्रू काढले की नेक सुटते. तिच्या खोबणीत, ब्रिजकडच्या टोकाला, पातळ पट्टी ठेवायची. मग नेक मागे झुकते, तारा फ्रेटवर टेकायला लागतात, म्हणून ब्रिज वर घ्यावा लागतो, ब्रिज वर गेला की मागचा उतार वाढतो आणि उतार वाढला की दाब. अर्धा मिलिमीटरची पट्टी असेल तर ब्रिज साधारण दीडपावणेदोन मिलिमीटर वर येतो, म्हणजे कागदाने काय होणार असं समजू नका.

आणि तुमची जपानी आहे ना, तिचा ट्रसरॉडचा (नेकच्या आत बाक जुळवायला असलेल्या सळईचा) स्क्रू नेकच्या बुडाला असतो, तो फिरवायलाही नेक काढावीच लागते. म्हणून दोन्ही कामं एकदम उरका. काढण्याआधी नेकचा बाक मोजून ठेवा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), नेक जिथे बॉडीला मिळते तिथला फ्रेट दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली किती फट आहे बघा. पाव मिलिमीटर असली की छान, म्हणजे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल.

---

उसळपाव

व्हिजिटिंग कार्डाची शिम घालू नका हो. कार्ड एका टोकाला, मध्ये पोकळ, वर स्क्रूचा दाब, वर्षभरात नेकचं बूड वाकतं आणि शेवटचे फ्रेट वर येतात. पूर्ण खोबणीएवढी उतरती लाकडी पट्टी विकत मिळते, ती घाला.

---

पडघम

जुन्या गिटारींच्या पोटात कारखान्यातूनच पुठ्ठ्याचे तुकडे निघतात, साठ वर्षं झाली तरी वाकल्या नाहीत.

---

उसळपाव

ज्या वाकल्या त्या कोणी फोटो काढून टाकत नाही.

---

नळीचीवळी

दोघांनी इनो घ्या.

---

खारावारा

मी उतरती लाकडी पट्टी मागवली, अर्ध्या अंशाची. भांडणात पडत नाही, फक्त पट्टी स्वस्त होती. तारा पण मागवल्या, सपाट वेढ्याच्या १२ ते ५२. शनिवारी ऑपरेशन.

---

माप्शेकार

नमस्कार, मी म्हापशाचा. सर्फ म्युझिक म्हटल्यावर आत आलो. तुम्हाला वाटत असेल हे सगळं तिकडचंच, पण १९६५ च्या गुमनाममधलं ते नाचाचं गाणं आठवा, जान पहचान हो. शंकर-जयकिशनचं संगीत, रफीसाहेबांचा आवाज आणि गिटारी बघा कशा धावतात. सर्फ नाही म्हणता येणार पण त्याच काळातलं तेच वारं. पुढे २००१ मध्ये एका अमेरिकन सिनेमाच्या सुरुवातीलाच ते वाजलं आणि तिकडची पोरं विचारायला लागली, हा बँड कोणता म्हणून. मुंबईच्या फिल्मी ऑर्केस्ट्रांत आमचे गोंयकार किती होते ते इथल्या लोकांना सांगायला नको. माझा एक काका तिथे ट्रंपेट वाजवायचा, गिटारवाल्यांना नेहमी हसायचा. म्हणायचा, वीज गेली की तुम्ही घरी जा.

---

तारमास्तर

मुलाने मला ती डिक डेलची मिसिरलू ऐकवली. अहो हा तर भैरव! कोमल रिषभ, शुद्ध गंधार, कोमल धैवत, शुद्ध निषाद. पहाटेचा राग हा माणूस समुद्रावर रात्री नाचायला वाजवतोय. आणि हात चालतो तो आमच्या सतारीतल्या झाला वादनासारखा, भराभर.

---

पडघम

बरोबर ओळखलंत. धून त्याची नाहीच, ग्रीस, तुर्कस्तान, अरबस्तान असल्या सगळ्या मुलखात फिरणारी जुनी धून, १९२७ च्या सुमाराला ग्रीक गायकाने रेकॉर्ड केलेली. डेलचे वडील मूळचे लेबनॉनचे, काका ऊद वाजवायचा, ते लहानपणापासून कानावर. कोणीतरी त्याला आव्हान दिलं, एकाच तारेवर आख्खं गाणं वाजवून दाखव, तेव्हा त्याला ही आठवली. १९६२ ला रेकॉर्ड केली आणि वेग असा वाढवला की मूळ गाणाऱ्याला ओळखू येऊ नये. १९९४ मध्ये पल्प फिक्शनच्या सुरुवातीला वाजली आणि आमच्या पिढीला कळली.

धागाकर्ते, सगळं त्या जाड सहाव्या तारेवर सुरू होतं. म्हणूनच तुमची तीच तार उडतेय.

---

खारावारा

शनिवारचा अहवाल. लांब आहे, चहा घेऊन बसा.

सकाळी नऊला सुरुवात. शहाणपणा करून सगळ्या तारा एकदम कापल्या आणि गिटार उभी केली. तर ब्रिज निखळून पायावर! मला कोणी सांगितलंच नाही की तो ब्रिज कशालाही स्क्रूने धरलेला नसतो, दोन पाय दोन वाट्यांत नुसते उभे असतात आणि तारांच्या दाबाने जागेवर राहतात. पायाच्या अंगठ्यावर आदळून तो घरंगळला सोफ्याखाली. काढला तर एका पायाच्या आतला उंचीचा बारीक स्क्रू गायब. पाऊण तास मी, बायको आणि मुलगी फोनचे टॉर्च लावून जमिनीवर पालथे. सापडला कुठे तर माझ्या चपलेत.

मग नेक काढली. खोबणीत आधीचीच शिम! कोणीतरी सँडपेपरचा तुकडा घडी घालून कोंबलेला आणि तो पण उलट्या टोकाला, म्हणजे नेक मागे झुकायच्या ऐवजी पुढे आलेली. तिथेच कळलं ब्रिज एवढा बसका का होता. तो काढला, लाकडी पट्टी घातली, ट्रसरॉड पाव वेढा आवळला कारण १२ च्या तारा जास्त ओढणार, नेक परत बसवली.

पुढची अडचण नटची, म्हणजे गिटारीच्या डोक्यापाशी (हेडस्टॉकला) तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीची. जाड तारा नटच्या खाचेत जाईनात, विशेषतः तिसरी, ती आता वेढ्याची आहे ना. तार वरच बसली, सुरात आणताना टिंग टिंग करत झटके मारते. तिथे थांबलोय. कानस घेऊ का?

---

उसळपाव

थांबा थांबा. नटला कानस लावताना घाई केली की नवीन नटच बसवावा लागतो. खाच रुंद करायची, खोल करायची नाही. नटसाठी मापाच्या कानशी मिळतात पण एका कामाला महाग पडतात. मी काय करतो, जुन्या जाड तारेच्या तुकड्याला बारीक पॉलिश पेपर गुंडाळतो आणि दोन हात मागे, दोन हात पुढे, तार बसवून बघतो, परत. कोन हेडस्टॉककडे उतरता ठेवायचा. शेवटी खाचेत साध्या पेन्सिलचं शिसं घासा. टिंग टिंग जाईल.

---

तारमास्तर

उसळपाव बरोबर सांगतायत. आमच्याकडेही जवारी काढताना, म्हणजे झंकारासाठी घोडी घासताना, कारागीर एक हात मारतो आणि दहा वेळा ऐकतो.

बाकी तो खुळखुळा म्हणताय तो नक्की खुळखुळाच आहे ना? नाहीतर आमच्यात तो आवाज यावा म्हणून लोक मिरजेपर्यंत येतात आणि पैसे मोजतात.

---

नळीचीवळी

मास्तर खिक्क!

---

खारावारा

नट झाला. दोन तास गेले पण झाला, सहाव्या तारेची खाच कणभर जास्त सैल झालीये, चालतंय.

ब्रिज वर घेतला, सतराव्या फ्रेटवर सहावी तार दोन मिलिमीटर आणि पहिली दीड. आणि काय सांगू! डबल पिकिंग केलं, जोरात केलं, पिक तुटेपर्यंत केलं, तार हलली नाही जागची. आवाज पण वेगळाच, खणखणीत, जसं लाकडाच्या पेटीवर नाणं टाकावं.

बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक आणि दाबलेला सूर जुळवून सगळ्या सॅडल (ब्रिजवरचे प्रत्येक तारेचे छोटे टेकू) मागेपुढे केल्या. पाच जुळल्या, सहावीचा स्क्रू मागे टेकला तरी सूर किंचित चढाच आहे. आणि खुळखुळा अजून आहे.

---

पडघम

खुळखुळा बहुतेक सॅडलच्या उंचीच्या स्क्रूंचा. प्रत्येक सॅडलला दोन बारीक स्क्रू, त्यातला एखादा अधांतरी असतो आणि थरथरतो. या ब्रिजची उंची पायातल्या स्क्रूने ठेवायची आणि सॅडलचे स्क्रू फक्त गोलाईपुरते. प्रत्येक सॅडलवर बोट ठेवून तार छेडा, आवाज थांबेल तो चोर. मग त्या स्क्रूच्या आट्यांवर नेलपॉलिशचा एक थेंब. घट्ट गोंद लावू नका, पुन्हा फिरवायचा असतो.

दुसरी शक्यता, ब्रिजच्या मागचा तारांचा मोकळा तुकडा. तो आपोआप वाजतो. काहींना तो भुताटकीचा आवाज आवडतो, मलाही आवडतो. नको असेल तर तिथे फोमची पट्टी सरकवा.

---

तारमास्तर

सतारीत खालच्या तारा आपोआप झंकारतात, त्या तरफा म्हणायच्या की मग. फुकटात मिळाल्यात, राहू द्या.

---

खारावारा

चोर चौथ्या तारेचा सॅडल. मुलीचं नेलपॉलिश लावलं, चमकीवालं जांभळं, दुसरं घरात नव्हतं. तरफा ठेवल्या.

आता रिव्हर्बचं, म्हणजे आवाजाला येणाऱ्या घुमाऱ्याचं, बोला. माझा ॲम्प छोटा ट्रान्झिस्टरचा आहे, त्यातला रिव्हर्ब म्हणजे बाथरूममध्ये वाजवल्यासारखा. तो टपटप पाण्यासारखा आवाज कसा आणायचा?

---

पडघम

तो खऱ्या स्प्रिंगांचा आवाज. १९६१ मध्ये फेंडरने वेगळी पेटी काढली, व्हॉल्वची, आत स्प्रिंगांचा टँक आणि वर तीन नॉब. ड्वेल म्हणजे स्प्रिंगेला किती जोरात ढकलायचं, मिक्स आणि टोन. गिटार पेटीत, पेटी ॲम्पमध्ये. बहुतेक ॲम्पमध्ये रिव्हर्ब आतच पुढच्या टप्प्यावर असतो, इथे तो ॲम्पच्याही आधी येतो, टपटप मुख्यतः त्याचमुळे. तार हाताच्या कडेने दाबून छोटा तुटक सूर मारायचा, स्प्रिंग थेंबासारखी ठिबकते. सूर लांबवला तर नुसतं धुकं. म्हणजे निम्मा रिव्हर्ब तुमच्या उजव्या तळव्यात आहे.

पेडलमध्ये डॅनइलेक्ट्रोच्या स्प्रिंग किंगमध्ये खरोखरच्या स्प्रिंगा आहेत, बॉसचा एफआरव्ही-१ त्या पेटीची डिजिटल नक्कल, आता जुन्यातच मिळतो. सर्फीबेअर म्हणून एक आहे, खरा टँक पण व्हॉल्व नाहीत, माझ्याकडे तोच आहे.

आणि एक गोष्ट, जरा पाखंडी विचार म्हणून ऐकून घ्या. डिक डेलच्या लेट्स गो ट्रिपिनवर, म्हणजे १९६१ च्या त्या पहिल्या सर्फ रेकॉर्डवर, रिव्हर्ब नाहीच्चे. हाताचा जोर आणि मोठ्ठा ॲम्प. लिओ फेंडरने त्याच्यासाठी ॲम्प बनवायचे आणि याने ते जाळायचे, असं करत करत शोमन ॲम्प आणि पंधरा इंची जेबीएल स्पीकर आला. आधी रिव्हर्बशिवाय, कोरडा वाजवा महिनाभर. कोरड्यात लपायला जागा नसते.

---

ठाण्याचा_वाघ

उशिरा आलोय पण एक इशारा देऊन जातो. कोणी अमेरिकेतून अशी पेटी किंवा ॲम्प घेऊन भारतात येणार असेल तर मागचं लेबल वाचा. १२० व्होल्ट. मी २०१४ ला परत आलो, सामान उघडलं, उत्साहात पेटी थेट भिंतीच्या २३० मध्ये. फट् झालं, ट्रान्सफॉर्मरचा असा वास घरात की सासूबाईंनी गॅस तपासला. नंतर लॅमिंग्टन रोडवरून स्टेप डाउन आणला, पण पेटी तोवर गेलेली. आणि व्हॉल्वची वस्तू बंद असली तरी उघडून बोटं घालू नका, आत कॅपॅसिटरमध्ये चार्ज साठलेला असतो.

---

कोथरूडी_काकडा

माझा पण अहवाल. स्ट्रॅटला ११ लावल्या, पंजा आवळला, तिसऱ्या फेरीत बसलं. पहिल्यांदाच गिटार सुरात राहतेय. शेजारच्या काकूंनी विचारलं नवीन घेतलीस का.

---

सोनचाफा

छान. आजोबांचं काय झालं पण?

---

खारावारा

आठवडाभर काहीच उत्तर नव्हतं. मग फक्त अंगठ्याचं चित्र. मला वाटलं रागावले.

काल रात्री मेसेज आला. पियानोच्या बाकड्याच्या खणात ट्रेमोलोची दांडी सापडली, नातवाने तिथे टाकलेली, ये घेऊन जा. मी लगेच पडघम यांना खाजगीत विचारलं दांडी कशी बसवायची आणि स्प्रिंग कशी लावायची. ते इथे पण टाकतो, कोणाच्या उपयोगी पडेल. शेपटीच्या पत्र्यावर, म्हणजे ब्रिजमागे तारा जिथे बांधतात तिथे, जे छोटं सरकबटण असतं ते लॉक करायचं, गिटार सुरात लावायची, मग लॉक काढायचं. सूर सरकला तर मधला मोठा स्क्रू फिरवत राहायचं, लॉक लावला आणि काढला तरी सूर तोच राहीपर्यंत. आणि या दांडीने बॉम्ब टाकायचे नाहीत, म्हणजे ती पार दाबून सूर एकदम खाली पाडायचा नाही, कॉर्ड संपताना नुसतं हलकं डोलवायचं.

पडघम, दांडी दुसऱ्याच गिटारीची निघाली तर? तीच असेल हे कशावरून?

---

पडघम

म्हणूनच गिटार सोबत न्या. सगळ्या दांड्या सगळ्या भोकात बसत नाहीत, जाडीत फरक असतो. जोर लावून ठोकू नका. दाबल्यावर टक् करून बसली आणि सोडल्यावर स्वतःहून गळून पडली नाही की तीच.

---

नळीचीवळी

गिटार नेताच आहात तर आजोबांना मिसिरलू वाजवून दाखवा.

---

खारावारा

अजून निम्म्या वेगातच येते. पण नेतोय. रविवारी दहाला बोलावलंय. दांडीचे वीस डॉलर मागितलेत त्यांनी, मी देणार आहे.